टेबलावर नसलेला पेपर : एका गाव-वाचनालयाचं प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावची ही हकिगत. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल अशा खुणा वगळल्या आहेत. मी या वाचनालयाचा खजिनदार. म्हणजे पुढे ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्यांवर माझी सही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

गाव चारशे उंबऱ्यांचं. भात, बटाटा, रताळी आणि अलीकडे ऊस. तरणी पोरं उद्यमबागेत नाहीतर मच्छेला कारखान्यात जातात, संध्याकाळी दुचाकीवरून परत. ब्रह्मलिंग देवळाला लागून एक खोली आहे, तेच वाचनालय. तरुण मंडळानं सत्तरच्या दशकात काढलं. त्या वेळचे तरुण आता काठी टेकत येतात. एक लांब टेबल, दोन बाकडी, पुस्तकांचं एक कपाट. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे यावर वर्षातून एकदा तरी वाद होतो.

पण वाचनालय म्हणजे आमच्याकडे पुस्तकं नव्हेत, पेपर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं, तेव्हापासून कचेरीतून येणारा कागद कन्नडमधून आणि आपल्या लिपीतला कागद म्हणजे सकाळचा पेपर, अशी वाटणी गावाच्या डोक्यात पक्की बसली. महाराष्ट्रानं २००४ साली सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केल्यावर तर ‘तारीख’ हा शब्दच आमच्याकडे पेपरात बघायचा झाला. बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली बेळगावात सुरू केलेला तरुण भारत, पुढारी आणि आणखी दोन मराठी दैनिकं, असे चार पेपर टेबलावर असत. कन्नड पेपर एकही नाही. घ्यावा असं कुणाला वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी त्यानं ते बोलून दाखवलं नसतं.

पेपर कसा वाचला जायचा हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिल्या बसनं गठ्ठा यायचा. सात वाजता पाच-सहा जण हजर. पहिल्या पानाला कुणी हात लावत नसे, आधी निधन वार्ता. कुठल्या गावात कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, आपलं जाणं पडतं का. मग बटाट्या-रताळ्याचे दर, मग तालुक्याचं पान, आणि राजकारण सगळ्यात शेवटी, चहाबरोबर. बारा पानी पेपर म्हणजे तीन मोठे कागद. ते सुटे करून तिघे वाचत. चार पेपरांचे बारा कागद, म्हणजे एका वेळी बारा माणसं वाचू शकत होती आणि वाचून झालेला कागद शेजारी सरकत होता. शेजारचा काय वाचतोय हे दिसत होतं. ‘हे वाच की रे, तुझ्या मेव्हण्याच्या गावचं आहे,’ असं म्हणून कुणीतरी कागद पुढे ढकलायचा. निम्म्या बातम्या अशाच वाचल्या जायच्या. शोधायला कुणी जात नसे, त्या समोर यायच्या.

अडचण

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि बस थांबली, तसा पेपरही थांबला. पुढे पेपर मिळू लागला तरी कागदाला हात लावायची भीती होती. मग उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवणारा आमचा एक भाचा रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर पेपरची पीडीएफ टाकू लागला. ग्रुपला नाव वाचनालयाचंच. महिन्यात दोनशे माणसं झाली.

पेपरची आख्खी पीडीएफ अशी वाटणं बेकायदा आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. दैनिक जागरणनं २०२० मध्येच टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि ई-पेपरच्या पीडीएफ फुकट वाटणारी चॅनेल काढून टाका, असा आदेश न्यायालयानं दिला होता. ती बातमी आम्ही वाचली. कुठे, तर त्याच फुकटच्या पीडीएफमध्ये.

टाळेबंदी संपली, चारही पेपर पुन्हा सुरू केले, पण टेबलाभोवती आता चौघेच. ‘फोनवर बघितलंय की,’ हे सगळ्यांचं उत्तर. वर्गणी घरटी वर्षाला शंभर रुपये. २०१९ ला नव्वद घरांनी दिली होती, २०२३ च्या मार्चअखेर एक्केचाळीस. दुसरीकडे २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, वृत्तपत्राचा कागद महागला आणि पेपरच्या किमती हलल्या. चार पेपरांचं वर्षाचं बिल साडेसात हजारांच्या वर. वर्गणीचे आले चार हजार शंभर. उरलेलं गणपतीच्या देणगीतून भरलं आणि त्यावरून मंडळात कुरबूर झाली.

त्यात ग्रुप बिघडत चालला होता. ६ डिसेंबर २०२२ ला सीमावादावरून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्यांवर दगडफेक झाली. त्या दिवशी आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या ग्रुपवर जे व्हिडिओ आले, त्यातले खरे कुठले आणि कुठल्या जुन्या आंदोलनातले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोल्हापूरला डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या एका मामांना घरच्यांनी तीन वेळा घरी परत बोलावलं. पेपरला खाली बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता छापावा लागतो. चूक झाली तर जाब विचारायला माणूस असतो. त्या व्हिडिओंना ना बाप ना पत्ता.

समोर असलेले पर्याय

एप्रिल २०२३ मध्ये बैठक घेतली. बावीस माणसं आली, आमच्या मानानं गर्दीच.

गुरुजी, म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक, म्हणाले चारही पेपर ठेवा, वर्गणी दीडशे करा. एक्केचाळीस घरं शंभर देतात, दीडशे केल्यावर तीस देतील, असं मी म्हणालो आणि तो विषय तिथंच संपला. आज वाटतं, मी तो फार लवकर संपवला. मागे पडलेल्या घरांकडे जाऊन विचारलं तरी होतं का? नव्हतं.

दुसरी सूचना भाच्याची. एक टॅब घ्यायचा, वाय-फाय बसवायचं, रीतसर ई-पेपर वाचायचे. एकच छापील पेपर ठेवायचा, तोही म्हाताऱ्यांसाठी. पुण्याला नोकरीला असलेल्या एका गाववाल्यानं टॅबचे तेरा हजार आणि वाय-फायचं पहिलं वर्ष द्यायची तयारी दाखवली होती.

तिसरी, ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात विलीन व्हायचं. कर्नाटकात पंचायतीच्या ग्रंथालयांना आता ‘अरिवु केंद्र’ म्हणतात, तिथे संगणक आणि इंटरनेट देण्याची सरकारची योजना आहे. खर्चाचा प्रश्नच मिटला असता. यावर चर्चा जेमतेम दोन मिनिटं झाली. ‘तिथं सगळं कन्नडच असतंय,’ असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दोन मिनिटांकडे मी पुढे परत येणार आहे.

काहीच न करता ग्रुपवर पीडीएफ चालू ठेवावी, हा चौथा मार्ग. तो कुणी सुचवला नाही, पण बहुतेकांच्या मनात तोच होता.

बैठकीत एकच बाई होती, स्त्री शक्ती संघाची, म्हणजे बायकांच्या बचत गटाची, सचिव, आम्ही वहिनी म्हणतो. त्या म्हणाल्या, ‘तुमचं टेबल तुम्हालाच लखलाभ. मी त्या देवळाकडं कधी पेपर वाचायला आलो नाही, येणार बी नाही. पीडीएफ यायला लागल्यापासून डबा करत करत वाचतो. ती बंद करणार असाल तर तसं सांगा.’ बेळगावकडची बाई ‘आलो, वाचतो’ म्हणते, त्याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मला त्या दिवशी नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. जवळपास पन्नास वर्षं हे वाचनालय गावाचं म्हणून आम्ही चालवत होतो आणि निम्मं गाव त्याच्या उंबऱ्याच्या आत आलंच नव्हतं.

निर्णय

भाच्याची सूचना मंजूर झाली. पीडीएफचा ग्रुप बंद, टॅब आणला, एक मराठी पेपर ठेवला, तीन बंद केले. हिशेब मी मांडला होता आणि तो बिनतोड वाटला होता. वर्षाचे पाच हजार सहाशे वाचणार.

वाचले नाहीत. वाय-फायचं बिल महिन्याला करासकट पाचशे नव्वद, वर्षाचे सात हजार ऐंशी. ते पहिल्या वर्षी देणगीतून जाणार म्हणून मी खर्चात धरलेच नव्हते. धरले असते तर नवी व्यवस्था जुनीपेक्षा जवळपास पंधराशे रुपयांनी महाग आहे, हे त्याच बैठकीत दिसलं असतं. हिशेबात फुकट मिळालेली गोष्ट धरायची नाही ही सवय मला शाळेच्या पोषण आहाराचे हिशेब लिहिताना लागली होती, ती इथं नडली.

टॅबचं काय झालं? अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून मोतीबिंदू झालेल्या एका अण्णांना तो फार आवडला. रोज तासभर त्यांच्याच हातात. आणि अडचण नेमकी तीच होती. टॅब एक, वाचणारा एक. बाकीचे बाकड्यावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत. छापील पेपर एकच, म्हणजे कागद तीन. चौथा माणूस उठून जाऊ लागला. पोरं मात्र वाढली. ती वाय-फायसाठी बाहेरच्या पायरीवर बसत, आत येत नसत. दर बघायला आता पेपरची गरज उरली नव्हती, अडत दुकानाच्या ग्रुपवर दुपारीच कळत. निधन वार्ता फोनच्या स्टेटसवर तासाभरात. या दोन्ही बाबतीत फोन पेपरपेक्षा सरस होता आणि आहे. उगाच कागदाची बाजू घेण्यात अर्थ नाही.

नोटीस

त्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. रोप लावण चालू, वाचनालयात शुकशुकाट. बेंगळूरला नोकरी करणाऱ्या एका पोरानं आपल्या चुलत्याला व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. कन्नड पेपरातल्या जाहीर नोटिशीचा. त्यालाही तो दुसऱ्याच कुणाकडून आलेला. राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादन, आणि गावांच्या यादीत आमच्या गावाचं नाव.

चुलता तो फोटो घेऊन वाचनालयात आला. खरं तर त्याला कन्नड वाचता येत नव्हतं, बोलता उत्तम येत होतं. आमच्या पिढीत हे सर्रास. बाजारात, कचेरीत कन्नड बोलून काम होतं. अक्षरओळख मात्र नाही. फोटो वरून कापलेला, त्यामुळे पेपर कुठला आणि तारीख कुठली ते गायब. सर्व्हे नंबर असावेत अशा ओळी होत्या, पण मोठं केलं की ठिपके.

गुरुजींनी कायद्याची माहिती काढली ती अशी. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात कलम ३ए खाली संपादनाच्या इराद्याची अधिसूचना राजपत्रात निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ती भाषा कोणती हे कायद्यात लिहिलेलं नाही. कर्नाटकात ती साहजिकच कन्नड होते. दुसरा पेपर बहुधा इंग्रजी. आणि कलम ३सी खाली ज्याचा जमिनीशी संबंध आहे त्याला एकवीस दिवसांत लेखी हरकत घेता येते. हे एकवीस दिवस राजपत्रातल्या तारखेपासून मोजायचे, पेपरात नोटीस आल्यापासून नव्हे.

तेव्हा पहिला प्रश्न : तारीख कुठली? तो फोटो काही सांगत नव्हता.

टॅबवर तीन कन्नड दैनिकांचे ई-पेपर उघडले. भाच्यानं शोधायच्या चौकटीत गावाचं नाव कन्नडमध्ये टाईप केलं. काही नाही. ई-पेपरचं पान म्हणजे चित्र, त्यातलं अक्षर चौकटीला दिसत नाही. एकेक दिवसाचं एकेक पान उघडून बघायचं तर जाहिरातींची पानं ढीगभर, आणि वाचणारा कोण? रात्री साडेनऊला पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे बारावीत, असलेली एक पोरगी बोलावली. मराठी शाळेत कन्नड विषय म्हणून शिकलेली, पुढे कॉलेजात सरावलेली. तिनं कापलेला फोटो पाच मिनिटांत वाचला आणि म्हणाली, ‘काका, ह्यात सर्व्हे नंबरच नाहीत. हा वरचा मजकूर आहे. यादी खाली असणार, ती कुणीतरी कापलीय.’

दुसऱ्या दिवशी आम्ही बेळगावला एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथं कन्नड, मराठी, इंग्रजी पेपरांचे महिन्या-महिन्याचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले असतात. कन्नड पेपर काढले आणि पानं उलटत गेलो. मला वाचता येत नव्हतं, पण नोटिशीचा आकार फोटोवरून डोक्यात बसला होता. वीसेक मिनिटांत सापडली. खाली यादी, तारीख आणि राजपत्राचा क्रमांक, सगळं.

हिशेब लावला. राजपत्रात अधिसूचना निघून सतरा दिवस झाले होते. पेपरात नोटीस आली होती सहाव्या दिवशी. म्हणजे कन्नड पेपर आमच्या टेबलावर असता आणि कुणी वाचणारा असता तर पंधरा दिवस हातात होते. उरले चार.

त्याच दिवशी संध्याकाळी पोरीनं आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिथं मी खरा गार झालो. भारताचं राजपत्र २०१५ पासून कागदावर छापलं जातच नाही, फक्त संकेतस्थळावर निघतं. तिथं ती आख्खी अधिसूचना पहिल्या दिवसापासून फुकट पडून होती, हिंदी आणि इंग्रजीत, सर्व्हे नंबर, क्षेत्र, सगळ्या तपशिलासह. आमच्या खोलीत टॅब होता, वाय-फाय होतं. महिन्याला पाचशे नव्वद रुपये भरत होतो. ते पान उघडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण असं काही पान असतं हे माहीतच नव्हतं, आणि जे माहीत नाही ते शोधणार कसं?

विसाव्या दिवशी हरकती दाखल केल्या. यादीत गावातले तेवीस खातेदार होते. चौदा जणांनी सह्या केल्या. उरलेल्या नऊपैकी काही मुंबईला, काहींच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, दोघे म्हणाले सरकारशी कोण भांडणार. तलाठ्याकडून उतारे काढण्यातच एक आख्खा दिवस गेला. तो दिवस आधी मिळाला असता तर आणखी चार-पाच सह्या नक्की झाल्या असत्या. कोणाच्या, ते मला माहीत आहे, म्हणून जास्त लागतं.

मग काय बदललं

पुढच्या रविवारी बैठक. या वेळी कागद की मोबाईल असा वाद घालायला कुणाला तोंडच नव्हतं. फोटो आला तो मोबाईलवर. तारीख मिळाली ती कागदावर. मूळ अधिसूचना इंटरनेटवर. तिन्ही ठिकाणी आम्ही उशिरा पोचलो होतो.

गुरुजींनीच कन्नड पेपर लावायचा ठराव मांडला. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ज्यांनी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठी खाल्ली ते आमचे सगळ्यात जुने सभासद म्हणाले, ‘वैऱ्याचं पत्र आलं तरी वाचून मग फाडायचं असतं. आणि हा काय वैरी नव्हे. लावा.’ ठराव मंजूर.

आता टेबलावर दोन मराठी आणि एक कन्नड पेपर आहे. वाय-फाय वर्ष संपल्यावर बंद केलं. टॅब आहे, तो भाच्याच्या फोनवरच्या इंटरनेटवर चालतो, आणि अण्णांचा तास कुणी मोडत नाही. एक वही घातली आहे. दर रविवारी ती पोरगी आठवड्याचे कन्नड पेपर घेऊन बसते, फक्त जाहीर नोटिशी आणि टेंडरं बघते, आसपासच्या गावांचं काही असेल तर मराठीत दोन ओळी वहीत लिहिते. त्यानंतर राजपत्राच्या संकेतस्थळावर जिल्ह्याचं नाव टाकून बघते. याचे तिला महिन्याला तीनशे रुपये देतो. आधी फुकट करून घ्यायचं असं ठरत होतं. वहिनींनी हरकत घेतली आणि त्यांचं बरोबर होतं.

वहीतल्या ओळींचा फोटो ग्रुपवर जातो. ग्रुप पुन्हा सुरू केला, पण पीडीएफ नाही, फॉरवर्ड केलेलं काही नाही. टाकणारे दोघेच.

निष्पत्ती

हरकतींवर सुनावणी झाली. चौदाही जण गेले, आपापलं बोलले. पुढे मात्र वेगळंच घडलं. कलम ३ए च्या अधिसूचनेनंतर वर्षाच्या आत ३डी खाली घोषणा व्हावी लागते, नाही झाली तर पहिली अधिसूचना आपोआप निष्प्रभ होते. आमच्या बाबतीत वर्ष उलटलं. आमच्या हरकतींमुळे उलटलं असं गावात अभिमानानं सांगतात. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या एका टप्प्यातच काहीतरी अडलं असावं. नवी अधिसूचना केव्हाही निघू शकते, आणि निघाली की एकवीस दिवस नव्यानं सुरू.

वाचक वाढले का? थोडे. सकाळी आठ-नऊ जण असतात. कन्नड पेपर वाचायला दोन-तीन पोरं आत येऊ लागली, स्पर्धा परीक्षेसाठी. याचा आम्ही विचारही केला नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बस कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाल्याची घटना घडली आणि दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्यांवर परिणाम झाला, तेव्हा पेपर अगदी निरुपयोगी ठरला. आदल्या रात्री छापलेला पेपर, आणि परिस्थिती दर दोन तासांनी वेगळी. डेपोत काम करणाऱ्या गावच्याच माणसाला फोन करून त्याचं उत्तर ग्रुपवर टाकलं, ते कामाला आलं.

एक गोष्ट मात्र फसली. पेपर दुपारी स्त्री शक्ती संघाच्या बैठकीच्या घरी पाठवायचा, संध्याकाळी परत, असं ठरवलं होतं. पेपर पाठवायचा राहून जातो, गेला तर त्यातलं एखादं पान इथंच कुणाच्या तरी मांडीवर राहतं. वहिनी म्हणतात, ‘आम्हाला शिळं नको.’ त्यांच्यापैकी सहा जणींनी मिळून एका ई-पेपरची वर्गणी भरली आहे, स्वतःच्या पैशानं. वाचनालयाच्या हिशेबात त्याची नोंद नाही.

आज पुन्हा ठरवायचं तर

एप्रिल २०२३ च्या बैठकीत मी प्रश्नच चुकीचा मांडला होता : चार पेपर परवडतात का? विचारायला हवं होतं की गावाला कुठल्या कागदाची गरज पडते आणि तो आपल्यासमोर कुठून येतो. चार मराठी पेपरांत नव्वद टक्के बातम्या त्याच होत्या. त्यातले दोन काढून एक कन्नड लावला असता तर खर्च कमी झाला असता आणि नोटीसही दिसली असती. कुणी शत्रू नव्हता, पैशाची अडचण नव्हती. फक्त तो पेपर आमच्या टेबलावर शोभत नव्हता.

अरिवु केंद्राबद्दलची ती दोन मिनिटं. विलीन व्हा असं मी आजही म्हणणार नाही. पण तिथं रोज कन्नड पेपर येत होता, चालत सात मिनिटांवर. आठवड्यातून एकदा जाऊन चाळायला कुणी अडवलं होतं?

पीडीएफ बंद करायचा निर्णय योग्यच होता, पण बंद करताना बायकांना दुसरं काय देणार याचं उत्तर तयार ठेवायला हवं होतं. ते अजूनही नाही.

आणि त्या पोरीचा प्रश्न. ती पुढच्या वर्षी शिकायला धारवाडला जाईल. तिच्यामागं कोण वाचणार हे ठरलेलं नाही. एका माणसावर उभी केलेली व्यवस्था हीसुद्धा टॅबसारखीच आहे, एका वेळी एकाच्याच हातात. गुरुजी एकाहत्तराव्या वर्षी तिच्याकडून कन्नड बाराखडी शिकतायत. मथळे लागतात आता त्यांना, खालचा मजकूर नाही.

वहीत गेल्या रविवारची नोंद एका ओळीची आहे : ‘कन्नड पेपर आणि राजपत्र बघितलं. आपल्या गावाचं काही नाही.’